रुग्णाची खाट

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना परमप्रसाद द्यायला घरोघर जावे लागते. धर्मगुरूच्या नित्याच्या कामांत याइतके शिकवून जाणारे दुसरे काम नाही. वेदीवरून आपण बोलतो आणि लोक ऐकतात. आजाऱ्याच्या घरी आपण पाहायचे आणि ऐकायचे असते. पंचवीसएक वर्षांच्या या फिरतीत माझ्या डोळ्यांना एक सवय जडली आहे. घरात पाऊल टाकले की रुग्णाच्या चेहऱ्याआधी ते त्याची खाट शोधतात. खाट ओटीवर आहे, माजघरात आहे, की स्वयंपाकघरामागच्या अडगळीत? डोके खिडकीकडे आहे की पाय? पाण्याचा तांब्या हाताला लागतो का? घरातले बोलणे तिथवर ऐकू येते का? मी वैद्य नव्हे. तरीही खाटेच्या जागेवरून त्या माणसाच्या येत्या महिन्यांविषयी जे समजते, ते उशाशी ठेवलेल्या औषधांच्या चिठ्ठीवरून समजत नाही, एवढे अनुभवाने सांगू शकतो.

हे केवळ माझे खासगी निरीक्षण असते तर लिहिण्याचा खटाटोप केला नसता. परंतु परिचर्या हे जे शास्त्र आज विद्यापीठांतून शिकवले जाते, त्याचा पायाच मुळी या प्रश्नावर घातला गेला आहे. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी बी. एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या पाठ्यपुस्तकात माणूस, परिसर, आरोग्य आणि परिचर्या असे या शास्त्राचे चार खांब सांगितले आहेत. एके दिवशी मिस्सानंतर ती हसत मला म्हणाली, "फादर, हा परिसराचा धडा चुकून पर्यावरणाच्या पुस्तकातून इकडे आलाय का?" तिला तेव्हा दोन वाक्यांत काहीतरी सांगितले. पुढे वाचत गेलो तसे ते उत्तर लांबत गेले.

आरंभ शब्दांपासून करतो. सेमिनरीत लॅटिन आणि थोडेफार संस्कृत पदरी पडलेल्या माणसाची ही खोड वाचकांनी सहन करावी. 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणे, या धातूपासून तो झाला. सेवा हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. दुसरा शब्द 'इस्पितळ'. पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आलेल्या या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील 'होस्पेस' आहे. मौज अशी की 'होस्पेस' म्हणजे पाहुणा आणि 'होस्पेस' म्हणजे यजमानही. एकाच शब्दात दोघे राहतात. माझ्या मते परिचर्येच्या साऱ्या इतिहासाची किल्ली या दुहेरी अर्थात आहे. इस्पितळात रुग्ण हा परिचारिकेच्या घरचा पाहुणा असतो. तिचे वेळापत्रक, तिची चादर, तिचा दिवा. रुग्णाच्या घरी मात्र ती पाहुणी होते आणि तो अंथरुणाला खिळलेला असला तरी यजमान असतो. जागा बदलली की नाते उलटते. आणि नाते उलटले की शास्त्रालाही आपली पुस्तके पुन्हा लिहावी लागतात.

या शास्त्राचे पहिले पुस्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावावर आहे. हातात दिवा घेऊन सैनिकांच्या रांगांतून फिरणारी देवदूतासमान स्त्री हे त्यांचे चित्र आपण शाळेत पाहिलेले असते. चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. दिव्याने मरण थांबले नव्हते. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी येथील लष्करी इस्पितळात नाइटिंगेलबाई आपल्या पथकासह पोहोचल्या. पथकात ३८ जणी होत्या आणि त्यांपैकी १० कॅथलिक धर्मभगिनी होत्या. बाईंनी स्वयंपाकघर मांडले, कपडे धुण्याची सोय केली, पट्ट्या, शर्ट, चमचे यांचा पुरवठा सुरू केला. तरीही मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये, त्यांनीच पुढे काढलेल्या हिशेबानुसार, उपचार घेणाऱ्यांतील शेकडा ४२.७ माणसे दगावत होती. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. त्याला आढळले की ती प्रचंड बराक तुंबलेल्या गटारांवर उभी आहे. आयोगाने गटारे धुऊन काढली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली, कचरा आणि मेलेली जनावरे हलवली, खाटांची दाटी कमी केली. जूनमध्ये ते प्रमाण शेकडा २.२ वर आले. हिवाळा सरला होता, आणि नव्याने येणारे सैनिक आधीच्यांइतके खंगलेले नव्हते, हेही खरे. पण खालचे गटार हे मुख्य कारण होते, अशी बाईंची खात्री झाली ती मायदेशी परतल्यावर. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी मृतांचे आकडे मांडले आणि १८५८ मध्ये रंगीत पाकळ्यांच्या आकृतीतून ते राज्यकर्त्यांपुढे ठेवले. जखमांपेक्षा कितीतरी अधिक माणसे टाळता येण्याजोग्या रोगांनी मेली होती. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर त्यांना त्यांच्या खाटेखालच्या जागेने मारले होते.

१८६० च्या सुमारास आलेले त्यांचे परिचर्येवरील छोटेखानी पुस्तक या धक्क्यातून जन्मले आहे, असे ते वाचताना सारखे जाणवते. पुस्तक नर्सना उद्देशून नाही. घरातल्या माणसाचे आरोग्य जिच्या हाती आहे अशा प्रत्येक स्त्रीसाठी ते आहे. रोगांची नावे त्यात फारशी नाहीत. हवा, उजेड, पाणी, सांडपाणी, अंथरूण, भिंती, आवाज, अन्न कधी व कसे द्यावे, हेच विषय. रुग्णाची खाट खोलीतल्या सर्वांत उजेडाच्या जागी असावी आणि त्याला पडल्यापडल्या बाहेरचे दिसावे, असा त्यांचा आग्रह आहे. दाराबाहेर चाललेली कुजबुज हा त्यांच्या मते रुग्णाला सर्वाधिक छळणारा आवाज. कारण तो कान टवकारून ऐकू पाहतो आणि त्याला ऐकू येत नाही. भेटीला येऊन उगाच धीर देणाऱ्या आणि न मागता उपाय सुचवणाऱ्या मंडळींवर तर एक अख्खे प्रकरण आहे. पपईच्या पानांच्या रसापासून अमक्या गावच्या हाडवैद्यापर्यंत सारे काही पाच मिनिटांत सांगून जाणारे आपले शेजारी बाईंनी पाहिले नव्हते, तरी ओळखले होते!

बाईंचे एक चुकलेही. दूषित हवेतून, दुर्गंधीतून रोग उद्भवतात असे त्या मानत. जंतूंचा सिद्धांत स्वीकारायला त्यांनी फार वेळ घेतला. तरी त्यांनी उघडायला लावलेली खिडकी योग्यच ठरली. सिद्धांत चुकीचा आणि आचरण बरोबर, असा योग ईशज्ञानाच्या इतिहासातही क्वचित येतो. ते प्रकरण येथे नको.

१८५७ नंतर बाई स्वतःच दीर्घकाळ आजारी होत्या. आयुष्याची पुढची कितीतरी वर्षे त्यांनी लंडनमधल्या खोलीत, बरीचशी अंथरुणात काढली. तेथूनच त्या हिंदुस्थानातील लष्करी छावण्यांचे तक्ते मागवून वाचत. या छावण्यांतील गोऱ्या सैनिकांत दर हजारी वर्षाला ६९ मृत्यू होत असल्याचे १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालाने दाखवले, आणि त्यामागे बाईंचे मोठे श्रम होते. पुढे त्यांचे लक्ष छावण्यांवरून गावांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. हिंदुस्थानात त्या एकदाही आल्या नाहीत. परिसराचे महत्त्व जगाला सांगणारी स्त्री आपल्या देशाचा परिसर कागदावरूनच पाहत होती, ही विसंगती मला अधूनमधून विचारात पाडते.

मराठीत आपण नर्सला 'सिस्टर' म्हणतो आणि धर्मभगिनीलाही. हा योगायोग नाही. युरोपात शतकानुशतके रुग्णसेवा व्रतस्थ स्त्रियांच्या हाती होती. तिथून ते संबोधन इंग्रजीच्या वाटेने आपल्या वॉर्डांत आले. स्कुटारीत बर्मंडसीच्या मर्सी सिस्टर्सच्या प्रमुख मदर क्लेअर मूर या नाइटिंगेलबाईंच्या उजव्या हात होत्या. बाई स्वतः प्रॉटेस्टंट. दोघींचा स्नेह मदर क्लेअर १८७४ मध्ये निवर्तल्या तोपर्यंत टिकला. त्याच्याही आधी, १६३३ साली, पॅरिसमध्ये संत विन्सेंट दी पॉल आणि संत लुईस दी मारिलॅक यांनी 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' ही संस्था स्थापन केली, तेव्हा एक वेगळेच पाऊल उचलले गेले. धर्मभगिनी म्हणजे मठाच्या भिंतीआड राहणारी, असा तोवरचा रिवाज. विन्सेंट यांनी आपल्या मुलींना सांगितले की आजाऱ्याचे घर हाच तुमचा मठ आणि शहराचे रस्ते हेच तुमचे मठातले आवार. हे पाऊल धर्मजीवनातील क्रांती म्हणून आम्हाला शिकवले गेले. ती परिचर्येतीलही क्रांती होती, हे मला फार उशिरा उमगले: सेविका आता पाहुणी होऊन रुग्णाच्या दारात उभी राहिली होती.

घर की इस्पितळ हा वाद वाटतो तितका सरळ नाही. १८७१ मध्ये नाइटिंगेलबाईंनी बाळंतपणाच्या संस्थांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्याच देखरेखीखाली लंडनच्या एका इस्पितळात चाललेला सुइणींच्या शिक्षणाचा वॉर्ड सूतिकाज्वराने स्त्रिया दगावू लागल्यामुळे १८६७ मध्ये बंद करावा लागला होता. त्यांनी मिळतील तेवढे आकडे गोळा केले आणि निष्कर्ष काढला की त्या काळी गरिबाच्या घरी बाळंत होणे हे इस्पितळात बाळंत होण्यापेक्षा सुरक्षित होते. हे वाचून आपल्या जुन्या घरांचा अभिमान बाळगायला कोणी निघेल, तर त्याने आपल्याकडची बाळंतिणीची खोली आठवावी. दारे-खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, धुराने डोळे चुरचुरलेले आणि वारा लागेल म्हणून बाळासह आई महिनाभर अंधारात. ओटीवरच्या आजोबांच्या वाट्याला वाडीचा वारा, बावखलावरचे पक्षी आणि येणाऱ्याजाणाऱ्याची हाक. आणि त्याच घराच्या आत सुनेच्या वाट्याला धूर. परिसर घरात सर्वांना सारखा वाटला जात नाही. हे तेव्हाही खरे होते.

आपल्या देशात या शास्त्राला खरा हादरा बसला तो मद्रासमध्ये. क्षयरोगाला औषध नव्हते तेव्हा परिसर हेच औषध होते: डोंगरावरची हवा, विश्रांती, दूध, अंडी. पाचगणी, मिरज येथील आरोग्यधाम याच विश्वासावर उभी राहिली. औषधे आली तरी विश्वास तसाच होता. १९५६ मध्ये मद्रासच्या क्षयरोग रसायनोपचार केंद्रात एक धाडसी प्रयोग सुरू झाला. १९३ गरीब रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले गेले. एका गटाला वर्षभर आरोग्यधामात ठेवले. दुसऱ्या गटाने तीच औषधे आपल्या दाटीवाटीच्या घरांत, अपुऱ्या आहारावर, कित्येकांनी कामधंदा करत घेतली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांचे बरे होणे जवळपास सारखे होते. घरातल्या इतर माणसांना लागण होण्याचे प्रमाणही घरी राहिलेल्यांच्या बाबतीत अधिक आढळले नाही. जगभरातील क्षयाची आरोग्यधाम हळूहळू ओस पडली, त्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

मग परिसराचा खांब कोसळला म्हणायचे काय? वरवर पाहता तसेच दिसते. हवा-पाण्याची बढाई गोळीने उतरवली. पण त्या प्रयोगात काय काय चालले होते ते नीट पाहिले पाहिजे. आरोग्य-परिचारिका त्या घरांत जात होत्या. पूर्वसूचना न देता जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही हे पाहत. गोळी वर्षभर न चुकता घेतली जाणे हे ज्यावर अवलंबून होते ते सारे त्या घरात होते: गोळ्यांचा डबा कोठे राहतो, सासूला आजाराविषयी सांगितले आहे की लपवले आहे, गिरणीची पाळी कोणती, शेजारीण काय बोलते. परिसर म्हणजे हवा आणि गटार, ही व्याख्या अपुरी पडली आणि त्याच शब्दात आता माणसे शिरली. पुस्तकातला खांब तोच, परंतु त्याच्या आतला दगड बदलला.

माणसांबरोबर भाषा आली. मॅडेलिन लेनिंजर या अमेरिकन परिचारिकेला १९५० च्या दशकात मनोरुग्ण मुलांच्या सेवेत असताना दिसले की वेगवेगळ्या समाजांतील मुलांना मायेचे वेगवेगळे प्रकार हवे असतात. एकाला जवळ घेतलेले हवे, दुसऱ्याला नको. त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला, न्यू गिनीतील गाडसुप लोकांत जाऊन राहिल्या आणि संस्कृती हाही रुग्णाचा परिसर आहे असा सिद्धांत मांडला. आपल्याकडे त्याचा पुरावा शोधायला न्यू गिनीला जाण्याचे कारण नाही. मुंबई-ठाण्याच्या इस्पितळांचा डोलारा केरळच्या मुलींनी कित्येक वर्षे खांद्यावर पेलला आहे. सामवेदी बोलणारी आमची म्हातारी, शाळेच्या पुस्तकात हिंदी शिकलेली मल्याळी सिस्टर आणि मध्ये दुखणे! म्हातारीला 'दर्द' हा शब्द ठाऊक असतो, पण तिच्या पोटात होते ते 'दर्द' नसते. त्याला तिच्या बोलीत पाचसहा निराळी नावे आहेत. ती नावे शिकून घेणारी सिस्टर मी पाहिली आहे. आपल्या वहीत ती मल्याळी लिपीत ते शब्द लिहून ठेवत असे. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता.

या प्रवासाचे दुसरे टोक म्हणजे अतिदक्षता विभाग. तेथे प्राण वाचतात. ज्यांचे वाचले अशांना मी दर रविवारी चर्चमध्ये पाहतो, म्हणून त्या विभागाची निंदा माझ्याकडून होणार नाही. पण तिथे रात्र होत नाही. दिवे जळत असतात, यंत्रे वाजत असतात, घड्याळ दिसत नाही, खिडकी असलीच तर पाठीमागे. चष्मा आणि कानातले यंत्र नातेवाइकांच्या पिशवीत बाहेर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शहाणासुरता माणूस नळ्या ओढू लागतो, मेलेल्या भावाशी बोलू लागतो. त्याला वात झाला असे आपल्या बायका म्हणत. पूर्वी हा आजाराचाच भाग समजला जाई. आता परिचर्याशास्त्र सांगते की त्यातील बराच भाग जागेचा आहे. रात्री दिवे मंद करा, चष्मा द्या, वार व तारीख सांगत राहा, शक्य तितक्या लवकर उठवून बसवा, घरच्या माणसाला आत येऊ द्या. औषधांच्या यादीत न बसणारे हे उपाय आज अनेक अतिदक्षता विभागांच्या लेखी कार्यपद्धतीत आले आहेत. २०२० आणि २०२१ च्या साथीत नेमके हेच काढून घेतले गेले; घरचा माणूस तर नाहीच, परिचारिकेचा चेहराही दिसेना. तेव्हा कित्येकींनी आपल्या अंगरख्यावर शाईने मोठ्या अक्षरांत स्वतःचे नाव लिहिले. चेहरा हासुद्धा रुग्णाच्या परिसराचा भाग असतो, हे त्या अक्षरांइतके स्पष्ट मला कोणत्याही ग्रंथाने सांगितलेले नाही.

खिडकीविषयी एक अभ्यास प्रसिद्ध आहे. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो छापला. अमेरिकेतील पेनसिल्वेनियातल्या एका इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडेवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत, आणि झाडेवाल्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठा इमला चढवू नये. मला त्यातली निराळीच गोष्ट भावली. रुग्णाची मनःस्थिती उलरिक यांनी परिचारिकांच्या रोजच्या टिपणांतून गोळा केली: कोण अस्वस्थ होते, कोण रडत होते, कोणाला पुष्कळ धीर द्यावा लागला. भिंतीसमोरच्या रुग्णांच्या कागदांवर अशा नोंदी अधिक होत्या. शास्त्रज्ञ येण्यापूर्वी कितीतरी वर्षे त्या नोंदी तिथे पडून होत्या.

मुंबईत वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर समुद्राकडे तोंड करून शांती आवेदना सदन उभे आहे. कर्करोगतज्ज्ञ डॉ. लुईस जोस डिसोझा यांनी १९८६ मध्ये ते सुरू केले; कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांसाठी हे आपल्या देशातील पहिले हॉस्पिस. जिथे बरे करण्याचे उपाय संपतात तिथे परिचर्या संपत नाही, हा विचार लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढून कृतीत आणला होता. सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, डॉक्टर नंतर झाल्या. वांद्र्याच्या त्या टेकडीची किंमत आज चौरस फुटांत मोजली जाते. तिथला समुद्र पैसे न देता पाहण्याचा हक्क मरणाऱ्या गरिबाला मिळावा, ही गोष्ट मला एखाद्या लांबलचक प्रवचनापेक्षा मोठी वाटते.

तथापि समुद्र सर्वांच्या वाट्याला येत नाही. आमच्या वसईतील बहुतेक वाड्या आता इमारतींखाली गेल्या आहेत, आणि ओटी गेली तेव्हा आजाऱ्याची जागाही गेली, हे घर बांधताना कोणाच्या ध्यानात आले नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आजोबांना अर्धांगवायू झालेला, उजवी बाजू लुळी. सारा जन्म केळीच्या वाडीत गेलेला हा माणूस बाहेरच्या खोलीत कपाटाकडे तोंड करून पडलेला असे. त्या खोलीची एकुलती एक खिडकी डक्टमध्ये उघडते. आतल्या खोलीला रस्त्याकडची चांगली मोठी खिडकी आहे, पण तिच्याशी नातवाचे टेबल; नातू दहावीला. आजोबांच्या पाठीला जखम झाली होती. धर्मग्रामातील एक निवृत्त परिचारिका दर बुधवारी तिथे जात. तीन मुलांची आई असूनही त्यांना सारा गाव सिस्टरच म्हणतो. दर दोन तासांनी कूस बदलायला त्यांनी सुनेला शिकवले होते, हवेची गादीही मिळवून दिली होती. जखम भरत नव्हती. त्यांचे निदान साधे होते. हा माणूस वळत नाही, कारण वळून पाहण्याजोगे काही नाही. डावा हात चांगला आहे. डावीकडे खिडकी आली तर कठडा धरून तो आपला आपण वळेल.

सून शिक्षिका, कष्टाळू आणि मनाने चांगली बाई. ती म्हणाली, "सिस्टर, दहावी एकदाच असते." मी तिथे उभा होतो, तिचे खोटे आहे असे म्हणण्याची माझी हिंमत नव्हती. सिस्टर काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी पर्समधून टेप काढली आणि दार मोजले. खाट दारातून जात नव्हती. मग सुताराला बोलावून पाय काढावे लागले. खाट खिडकीशी आली, टेबलही तिथेच कसेबसे राहिले. आठ दिवसांनी मुलाने आपले टेबल उचलून स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजमध्ये ट्यूबलाइटखाली नेले. त्यागाबिगाची भावना त्यात नव्हती. त्याची तक्रार अशी की आजोबा दिवसभर खाली कोण आले, कोण गेले, कोणाच्या दारात मासळीवाली बसली, ते मोठ्याने सांगत राहतात, अभ्यास होत नाही. दोन महिन्यांत पाठीची जखम भरली. आजोबा पुढे अकरा महिने जगले. मुलाला ७२ टक्के मिळाले. आईला ८५ ची आशा होती. पॅसेजमध्ये उकाडा फार होता, असे ती मला अजूनही बोलून दाखवते.

तिच्या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला. नाइटिंगेलबाईंपासून आजच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत परिसर हा एका रुग्णाभोवती आखलेल्या वर्तुळासारखा मांडलेला आढळतो. इस्पितळात ते चालते. तिथे खाटा मोजून ठेवलेल्या असतात आणि खिडकी कोणाच्या मालकीची नसते. घरात एकाचा परिसर तोच दुसऱ्याचाही असतो. पाहुणी म्हणून आलेली परिचारिका रुग्णासाठी उजेड मागते, तेव्हा तो त्या घरातल्या कोणाच्या तरी हातून काढून घ्यावा लागतो. येथे शास्त्र अजून चाचपडत आहे, असे मला वाटते. त्या विद्यार्थिनीला मी हेच सांगितले. ती म्हणाली, परीक्षेत हे लिहिले तर गुण मिळणार नाहीत. बरोबर आहे तिचे.

सिस्टरांची घरभेटीची एक जाडजूड वही आहे. नाव, वय, आजार, औषधे, जखम असल्यास तिचा आकार, असे रकाने त्यांनी पट्टीने आखले आहेत. त्या प्रसंगानंतर त्यांनी त्यात आणखी तीन वाढवले. पहिला, खाट कोठे आहे. दुसरा, खिडकी कोठे आहे. तिसरा रकाना अरुंद आहे आणि त्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ती खिडकी आणखी कोणाला लागते.